डेट्रॉइटच्या ट्रामने जाणारे मामा

अख्ख्या जर्मनीत रोज सकाळी डेट्रॉइटच्या ट्रामने कामावर जाणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आता डेट्रॉइट अमेरिकेत आहे, मामा राहायचे ब्राउनश्वाइगमध्ये, आणि डेट्रॉइटची शेवटची ट्राम बंद पडली तेव्हा मामा साताऱ्यात अर्ध्या चड्डीत भूमितीची प्रमेयं घोकत होते. या तीन किरकोळ अडचणी सोडल्या तर त्यांच्या प्रवासात कधी खंड पडला नाही.

मामा इंजिनिअर. तेही मोटारींच्या ब्रेकचे. तरुणपणी डेट्रॉइटला गेले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथे बसून त्यांनी ब्रेकचे आराखडे काढले. अमेरिकेतली निम्मी माणसं मामांच्या ब्रेकमुळे जिवंत आहेत असं मी लोकांना सांगतो. मामा स्वतः पाव टक्का म्हणायचे. पण या माणसाने जन्मात कधी गाडी चालवली नाही. डेट्रॉइटमध्ये राहून गाडी न चालवणं म्हणजे कोळीवाड्यात जन्मून मासे न खाण्यासारखं. कारण विचारलं तर आवाज खाली आणून सांगायचे, "जावईबापू, त्या ब्रेकमध्ये काय असतं ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही सुखाने चालवता." हे ऐकल्यापासून मी दर सिग्नलला देवाचं नाव घेतो.

गाडी मामी चालवायच्या. साताऱ्यात सायकलला घाबरणारी ही बाई तिकडे बोटीएवढी मोटार बर्फातून अशी काढायची की, बर्फच बाजूला होत असावं. मामांना कचेरीत सोडणं, आणणं, न्हाव्याकडे नेणं, देवळात नेणं, सगळं मामींकडे. मामा शेजारी बसून नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत राहायचे. त्यांच्या बाजूची सतरंजी झिजून पत्रा दिसायला लागला होता म्हणे. मग मामी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मामांची बायको गेली, आणि त्याच दिवशी त्यांचे पायही गेले.

भेटायला येणारे येऊन गेले, फ्रीज भरून गेले, मुलगा आपल्या नोकरीच्या गावी परत गेला, आणि एका सकाळी दूध संपलं. दुकान तसं लांब नव्हतं, पण मधे सहा पदरी रस्ता, आणि त्याला फूटपाथ नाही. मामा पिशवी घेऊन कडेकडेने चालायला लागले. थोड्या वेळाने पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. चालणारा माणूस दिसला म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय, असा तिथला अंदाज. पोलिसांनी प्रेमाने गाडीत बसवलं, दूध घेऊन दिलं, घरी सोडलं. सगळी गल्ली पडद्याआडून बघत होती. त्या आठवड्यात मामांच्या हाती वाचनालयात शहराचा एक जुना नकाशा लागला. त्यात त्यांच्या घरासमोरच्या त्याच सहा पदरी रस्त्यावरून एक तांबडी रेघ गेली होती. ट्राम. शहराच्या पोटापासून पार बाहेरच्या गावांपर्यंत. "म्हणजे मला ट्राम होती," मामा सांगायचे, "मी यायच्या आधीच काढून टाकली." हे वाक्य ते असं म्हणायचे, जसं एखादा म्हणतो, मला मोठी बहीण होती.

पुढे त्यांच्या कंपनीची एक शाखा ब्राउनश्वाइगला आहे असं कळल्यावर, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली असताना, मामांनी बदली मागून घेतली. साहेबाने विचारलं, तिकडे काय आहे? मामा म्हणाले, ट्राम आहे. साहेबाने वाट पाहिली, पण मामांचं उत्तर संपलं होतं. आम्ही आधीपासून इथेच होतो, शेजारच्या मोटारींच्या गावात रोज नोकरीला जाणाऱ्या शेकडो मराठी इंजिनिअरांपैकी एक. त्यामुळे बायकोला माहेर चालत आलं, म्हणजे ट्रामने आलं, आणि मला मामेसासरे मिळाले.

मामांनी गावातल्या हाइडबर्ग भागात दोन खोल्यांचं घर घेतलं, ट्रामच्या थांब्यासमोर. दलालाने बाल्कनी दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, तळघरातली कोठी दाखवली. मामा खिडकीत उभे राहून ट्राम मोजत होते. आणि राहायला आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या ब्राउनश्वाइगचं बारसं. त्यांच्या घरावरून जाणारी लाइन वुडवर्ड. आमच्या वेस्टश्टाटची ग्रॅशट. राटहाउसचा, इथल्या नगरपालिकेपुढचा, चौक म्हणजे कॅम्पस मार्शियस, कारण डेट्रॉइटमधल्या सगळ्या लाइनी तिथे येऊन मिळायच्या. एकेक गेलेली लाइन त्यांनी इथल्या जिवंत रुळांवर आणून बसवली. "वुडवर्डने निघालोय, कॅम्पस मार्शियसला ग्रॅशट पकडतो, पोहे टाका," असा त्यांचा फोन यायचा आणि आम्ही पोहे टाकायचो. पुढेपुढे आम्हीही तसंच बोलायला लागलो. हिने एकदा दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, इथल्या भाषेत टेर्मिन, तर ती कचेरीत वरिष्ठांना जर्मनमध्ये सांगून बसली की, मला वुडवर्डने जायचंय, अर्धा तास लवकर सोडा. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले वरिष्ठ, आणि सोडलं.

हाल झाले ते चिंचवडहून नव्याने आलेल्या एका इंजिनिअरचे. मामांनी त्याला जेवायला बोलावलं आणि पत्ता फोनवर सांगितला. त्याने स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर जाऊन वुडवर्ड मागितलं. खिडकीमागच्या बाई अशा की, एखादं ठिकाण नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी यंत्रात शोधलं, आणि त्याला हानोफर, मग फ्रांकफुर्ट, मग विमान असं सगळं छापून हातात दिलं. बर्फ पडण्याची शक्यता आहे, जाड कोट घ्या, हेही सांगितलं. तो बिचारा तो कागद घेऊन मला फोन करतो, "सर, काका जेवायला बोलावतात ते नेमकं कुठे राहतात?"

पण मामांचं खरं रूप पाहायचं तर पितृपक्षात. लोक आपल्या वाडवडिलांचं श्राद्ध करतात. मामा अमेरिकेतल्या गेलेल्या ट्रामांचं करायचे. एकेक तिथी एकेका शहराला दिलेली. प्रतिपदेला क्लीव्हलंड, द्वितीयेला सेंट लुईस, तृतीयेला मिनियापोलिस. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवार, सगळं रीतसर. गवार मिळाली नाही तर जर्मन शेंगा. ज्या गावांची तिथी माहीत नाही अशी सगळी बारकी गावं सर्वपित्रीला. जेवताना मामा ज्या त्या शहराचं चरित्र सांगायचे. मिनियापोलिसच्या गाड्या उघड्यावर जाळल्या. "त्यांना अग्नी तरी मिळाला." कॅलिफोर्नियातल्या लाल गाड्या भंगाराच्या आवारात एकावर एक रचून ठेवल्या, काही म्हणे माशांना घरं व्हावीत म्हणून समुद्रात सोडल्या. "जलसमाधी." आणि डेट्रॉइटच्या? त्या मेक्सिकोला विकल्या. मामा वडा मोडत म्हणायचे, "परदेशात नोकरी करत संपल्या. आपल्यासारख्या." त्यावर कुणी हसायचं, कुणी खिरीत बघायचं.

कावळ्याचा प्रश्न मात्र दरवर्षी अवघड. हाइडबर्गचे कावळे शिस्तीचे, बोलावल्याशिवाय कुणाच्या बाल्कनीत येत नाहीत. मामा पान ठेवून वाट बघत बसायचे आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघून विचारायच्या, तुमची कुणी पाहुणी यायची आहे का? शेवटी एक पांढऱ्या पोटाचा लबाड पक्षी यायचा आणि वडा उचलायचा. तो कावळा धरायचा की नाही यावर मामांनी साताऱ्याच्या गुरुजींना फोन केला. गुरुजींनी विचारलं, शिवला ना? मग पुरे.

अविधवा नवमीला मात्र कुठलंच शहर नसायचं. त्या दिवशी ते मामींचं पान मांडायचे. त्या दिवशी चरित्र नाही, व्याख्यान नाही, आम्हाला बोलावणंही नाही. एकदा चुकून मी काहीतरी द्यायला गेलो तर घरात फक्त बाहेरच्या ट्रामचा आवाज येत होता आणि मामा स्वयंपाकघराच्या खुर्चीत बसून उजवा पाय हळूहळू जमिनीवर दाबत होते.

या ट्रामा मारल्या कुणी, यावर मोठमोठे वाद आहेत. कुणी म्हणतं मोटारवाल्यांनी, कुणी म्हणतं टायरवाल्यांनी. मीही दोन पेले पोटात गेले की कुणाचं तरी नाव घ्यायचो. मामांना ते पटायचं नाही. "मारायला कोण लागतं?" ते म्हणायचे. "चढायचं बंद केलं की आपोआप मरतात. पण रीत सांगतो. आधी एक पाटी लागते, काम चालू आहे. मग बस येते. चांगली येते, वेळेवर येते. मग रूळ जातात. आणि मग बसही जाते." हे ते इतक्यांदा सांगायचे की, आम्हाला रामरक्षेसारखं पाठ झालं होतं.

मामा निवृत्त झाले आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावीउजवीकडचं दिसणं हळूहळू मिटत चाललं होतं, समोरचं तेवढं स्वच्छ. मामांना त्याचं विशेष वाटलं नाही. "ट्रामच्या माणसाला आणखी काय लागतं?" पण त्यांच्या मुलाला वाटलं. मामांचा मुलगा एव्हाना डेट्रॉइटच्या बाहेर मोठं घर बांधून राहिला होता, खालच्या मजल्यावर वडिलांसाठी खोली तयार ठेवून. तो त्यांना न्यायला आला. गुणी मुलगा, आल्या आल्या हिच्या पाया पडायला निघाला, मोठी बहीण म्हणून. बापलेकांत असं ठरलं की, मुलाने आठवडाभर राहायचं आणि बघायचं. मामा आपलं आपण सगळं करू शकतात असं दिसलं तर त्याने पुन्हा विषय काढायचा नाही. नाहीतर मामांनी मुकाट्याने बॅग भरायची.

मामांनी तो आठवडा परीक्षेच्या पोरासारखा काढला. मुलाला वुडवर्ड दाखवली, ग्रॅशट दाखवली, न्हावी दाखवला, ट्राममधून न उतरता दिसणारा डोळ्यांचा दवाखाना दाखवला. मुलगा कागदावर काही न लिहिता मनात लिहीत होता. शुक्रवारी तो म्हणाला, "बाबा, आज तुम्ही एकटे बाजारात जा आणि तिथून ताईकडे जेवायला या. मी तिथेच थांबतो." मामा उत्साहाने निघाले. कोथिंबीर आणतो म्हणाले.

संध्याकाळ झाली, मामा आले नाहीत. ही कणीक मळून ठेवून खिडकीशी. मुलगा बूट घालून दाराशी. मी विनोद करून पाहिला की, मामा कोथिंबीर पेरून, उगवून आणत असतील. कुणी हसलं नाही. मग इस्पितळातून फोन आला.

झालं होतं ते असं. राटहाउसजवळचे रूळ बदलायला काढले होते. थांब्यावर पाटी: काम चालू आहे, काही आठवडे ट्रामऐवजी बस. जर्मनीत ही पाटी दर दोन उन्हाळ्यांनी कुठे ना कुठे लागते आणि लोक तिच्याकडे पाहतही नाहीत, मुकाट्याने बसमध्ये चढतात. मामांनी पाटी पाहिली, उखडलेले रूळ पाहिले, आणि समोर येऊन उभी राहिलेली बस पाहिली. आणि ते चढले नाहीत. पहिली बस सोडली, दुसरी सोडली, मग सगळ्याच सोडल्या. कोथिंबिरीची जुडी हातात धरून थंडीत ट्रामची वाट बघत उभे राहिले. ट्रामसाठी कुणीच उभं राहिलं नाही तर ती परत का येईल, हा त्यांचा हिशेब. एक जर्मन आजीबाई त्यांच्याशेजारी थांबल्या. कुठे जायचंय विचारलं. मामा म्हणाले, ग्रॅशट पकडायची आहे. बाईंनी फोन केला. रुग्णवाहिका आली. त्यातल्या पोरांनी नेहमीचे प्रश्न विचारले: नाव काय, वार कोणता, तुम्ही आत्ता कुठल्या शहरात आहात?

मामांनी नाव सांगितलं, वार सांगितला, आणि शहर सांगितलं. डेट्रॉइट.

आम्ही पोचलो तेव्हा मामा ब्लँकेट गुंडाळून बसले होते आणि त्या आजीबाई अजून शेजारी होत्या, आपल्या थर्मासमधला चहा त्यांना देत. मुलगा समोर उकिडवा बसला.

"बाबा, तुम्ही डेट्रॉइट म्हणालात."

"प्रश्नच तसा होता. शहाण्या माणसाला कुणी विचारतं का, तू कुठल्या गावात आहेस? चेष्टा केली."

"आणि बस? बस समोर येत होती ना?"

"येणारच. तिथेही येत होती. सुरुवातीला फार वेळेवर येतात."

"पण बाबा, पाटीवर लिहिलंय, थोडे दिवस."

"तिथेही पाटीच होती रे."

मुलगा उठून मला बाहेर घेऊन गेला. कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून म्हणाला, "दाजी, खरं सांगा. हे नेहमी असं बोलतात?"

"अहो, गंमत असते ती. आम्ही सगळेच वुडवर्ड म्हणतो. तुमच्या ताईला विचारा."

"सगळेच?"

"सगळेच."

"म्हणजे बाबांचं खरंच काही बिघडलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्हाला कुणाला कळलंच नसतं."

मी जन्मात कधी गप्प बसलेलो नाही. झोपेतही बोलतो अशी घरची तक्रार आहे. पण त्या वेळी मी फक्त यंत्रातला पेला काढून त्याच्यापुढे धरला. मुलगा सहा फुटांचा गडी, भिंतीकडे तोंड करून रडत होता. दाराच्या फटीतून मामांना ते दिसलं. समोरचं त्यांना स्वच्छ दिसायचं. त्यांनी आजीबाईंना थर्मास परत केला, डांकं शोन म्हणाले, आणि मुलाला हाक मारली. "चल. येतो मी. माझ्या हट्टापायी या माउलीही थंडीत उभ्या राहिल्या."

वाद झाला नाही, विनवणी झाली नाही. ही दोन दिवस म्हणत राहिली, मामा, एकदा तरी नाही म्हणा ना. मामा म्हणायचे, "पोरी, शब्द दिला होता." घर आवरलं. भांडी आम्ही घेतली. स्टेशनात गाडी सुटताना मामांनी हात हलवला, पण मी प्लॅटफॉर्मवर थोडा बाजूला उभा होतो, त्यामुळे तो हात मला होता की नाही, सांगता येत नाही.

आता रविवारी फोन येतो. मुलगा लाखात एक आहे. खोली उबदार, टीव्ही भिंतीएवढा, सून पथ्याचं करून घालते. दोघं कामाला गेले की मामा खिडकीत बसतात. सहा पदरी रस्ता दिसतो. कुठे जायचं असेल तर शनिवारी मुलगा नेतो, आणि मामा सहसा म्हणतात, राहू दे, तू दमला असशील. तक्रार एक शब्दाची नाही. पूर्वी मामांचा फोन खाली ठेवायला माणूस बोलवावा लागायचा. आता मधेमधे इतकं शांत होतं की, लाइन तुटली की काय म्हणून मीच हॅलो हॅलो करतो.

वसंत आला तेव्हा एका रविवारी त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या रुळांचं काय झालं?"

मी राटहाउसच्या चौकात उभा होतो. चकचकीत नवे रूळ ऊन खात पडले होते. पाटीवर जी तारीख लिहिली होती, तिच्या आदल्या दिवशी काम संपलं होतं. बस गेली होती, ट्राम परत आली होती, आणि ती दाही दिशांना अशी धावत होती की, जणू कधी थांबलीच नव्हती. त्या एका बसमध्ये चढले असते तर मामा आज वेस्टश्टाटमध्ये आमच्याकडे पोहे खात असते.

"नाही हो मामा," मी म्हणालो. "अजून बसच आहे."

"म्हणजे गेली."

"गेलीच म्हणायची. रूळ उचलून नेले. आता डांबर टाकतायत."

"मी सांगत होतो," मामा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या आवाजात जीव आला. "कुणी ऐकलं का माझं? आधी पाटी, मग बस. लिहून दिलं होतं मी." आणि पुढे बराच वेळ ते बोलत राहिले, पूर्वीसारखे, अघळपघळ, सेंट लुईसपासून. मी हं हं करत होतो. तेवढ्यात ट्राम चौकात वळली आणि माझ्या अगदी पाठीमागे तिने घंटा वाजवली, ठणठणीत, दोनदा.

मामा बोलायचे थांबले.

"काय हो वाजलं?"

"सायकल," मी म्हणालो.

मी या वेळी हॅलो म्हटलं नाही.

"जड दिसते सायकल," मामा हळूच म्हणाले. "जरा बाजूला उभे राहा. आणि बोलू नका, तसाच धरा फोन, जाऊ दे तिला पूर्ण."